खाल्लेले अंगी का लागत नाही?

रविवारची मिस्सा आटोपून मंडळी देवमंदिराच्या पायऱ्या उतरू लागली की अंगणात खुशालीच्या चार गोष्टी होतात. पीकपाणी कसे आहे, गोव्याला नोकरीस गेलेला मुलगा कधी येणार, धाकटीच्या लग्नाचे कुठवर आले, अशी विचारपूस चालते. त्यातच एखादी आजीबाई एखाद्या सडपातळ मुलीचा दंड चिमटीत धरून तिच्या आईला विचारते, "काय गं, पोरीला जेवायला घालत नाहीस की काय?" बोलणारीच्या मनात माया असते यात शंका नाही. पण आई ओशाळते, मुलगी मान खाली घालते, आणि पुढच्या बाजारच्या दिवशी 'ताकदीच्या' पावडरीचा एक डबा घरात येतो.

बेळगाव-खानापूरकडील खेड्यांत अशी घरे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. "दोन माणसांचे जेवते, पण खाल्लेले अंगी लागत नाही," ही आईची तक्रार आम्ही कितीदा ऐकली असेल! ही तक्रार हसण्यावारी नेण्याजोगी नाही आणि घाबरून जाण्याजोगीही नाही. काही माणसे जन्मतःच कृश बांध्याची असतात, आणि तो काही रोग नव्हे. मात्र कृशतेच्या आड कधी कधी रोग दडून बसतो. आणि रोग नसतानाही डब्यातल्या औषधांनी तो ओढवून घेणारे लोक आहेत. म्हणून या विषयाचा सविस्तर विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

कृश म्हणावे तरी कोणास?

शेजारणीच्या डोळ्यांनी वजन ठरवू नये. ते काट्याने आणि फूटपट्टीने ठरवावे. प्रौढ माणसाचे किलोग्रॅममधील वजन घ्यावे आणि त्याला मीटरमधील उंचीने दोनदा भागावे. जो आकडा येईल तो १८.५ पेक्षा कमी असेल तर वजन कमी आहे असे वैद्यकशास्त्र मानते. ज्यांना हा हिशेब किचकट वाटेल त्यांच्यासाठी दोन उदाहरणे देतो. पाच फूट एक इंच, म्हणजे सुमारे १५५ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचे वजन निदान साडेचव्वेचाळीस किलो असावे. पाच फूट पाच इंच उंचीच्या पुरुषाचे निदान साडेपन्नास किलो असावे. त्याहून थोडे अधिक असेल तर लोक काहीही म्हणोत, ते वजन पुरेसे आहे. लहान मुलांना मात्र हा हिशेब लावू नये. त्यांचे वजन व उंची वयाच्या मानाने पाहावी लागते, आणि त्याचा तक्ता अंगणवाडीत असतो.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील १८.७ टक्के स्त्रिया व १६.२ टक्के पुरुष या मर्यादेच्या खाली आढळले. तेव्हा ज्यांचे वजन कमी आहे त्यांनी आपण जगावेगळे आहोत असे मानण्याचे कारण नाही.

बांध्याचा वारसा

दोन भावांना एकाच पंक्तीत बसवून सारखेच वाढले, तरी एक भरतो आणि दुसरा काटकुळाच राहतो, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. याची कसोटी शास्त्रज्ञांनी लावून पाहिली. कॅनडातील लावाल विद्यापीठात क्लोद बुशार यांनी एकसारख्या जुळ्या भावांच्या बारा जोड्या निवडल्या. या चोवीस तरुणांना आठवड्यातून सहा दिवस, असे एकूण ८४ दिवस, नेहमीच्या आहारापेक्षा रोज १००० उष्मांक जास्त खाऊ घातले. १९९० साली या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरासरीने प्रत्येकाचे वजन ८.१ किलोने वाढले होते. परंतु तेवढेच जादा अन्न खाऊन एकाचे वजन अवघे ४.३ किलोने वाढले, तर दुसऱ्याचे १३.३ किलोने! विशेष हे की, एका जोडीतील दोघा भावांची वाढ एकमेकांशी बरीच जुळत होती.

यावरून दोन बोध घ्यावयाचे. अन्न अंगी किती लागावे हे बऱ्याच अंशी आईबापांकडून आलेल्या बांध्यावर अवलंबून असते; म्हणून कृश मुलाला आळशी, चोखंदळ किंवा आईचे दुर्लक्षित लेकरू म्हणणे हा अन्याय आहे. दुसरा बोध धीर देणारा आहे. त्या चोवीस जणांत वजन मुळीच वाढले नाही असा एकही नव्हता. कृश माणसाला वेळ अधिक लागतो. पण नेट धरला तर तोही भरतो.

आधी रोग नाही ना, ते पाहा

जो लहानपणापासून सडपातळ आहे, ज्याचे वजन वर्षानुवर्षे स्थिर आहे, जो कामाला खंबीर आहे आणि ज्याला वेळेवर भूक लागते, त्याची चिंता करू नये. परंतु ज्याचे वजन पूर्वी बरे होते आणि आता कमी होत चालले आहे, त्याची गोष्ट अगदी निराळी. काही प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन विसांश घटले, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाचे अडीच किलो उतरले, तर तूप-दुधाचा विचार मागे ठेवून प्रथम डॉक्टरांकडे जावे.

फार तहान लागून वरचेवर लघवीला होत असेल आणि वजन उतरत असेल, तर मधुमेहाचा संशय घ्यावा. छातीत धडधड, हातांना कंप, अंगाला घाम आणि भरपूर खाऊनही रोडावणे ही गळ्यातील थायरॉईड ग्रंथी अधिक काम करीत असल्याची लक्षणे असू शकतात. मुले मातीत खेळतात, अनवाणी हिंडतात, आणि पोटातील जंत त्यांचे अन्न व रक्त खातात. जंताची गोळी सरकार वर्षातून दोनदा, १० फेब्रुवारी व १० ऑगस्ट या दिवसांच्या सुमारास, शाळांत व अंगणवाड्यांत फुकट देते. ती चुकवू नये. दीर्घ जुलाब, तोंडाची चव जाणे, मनाची उदासीनता, दारू आणि तंबाखू यांनीही माणूस खंगतो. क्वचित एखादी तरुण मुलगी जाड होण्याच्या भीतीने जेवण टाळते आणि घरच्यांपासून ते लपविते. तिला रागे भरून उपयोग नाही. तिलाही उपचार लागतो.

या सर्वांत आमच्या खेड्यांनी सर्वांत अधिक जपावे ते क्षयरोगाला. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री येणारा घाम आणि उतरणारे वजन ही त्याची खूण होय. तपासणी व औषधे सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. सोयरिकीत अडचण येईल म्हणून मुलीचा खोकला लपविणारी घरे अजून आहेत. रोग लपविल्याने सोयरीक जुळत नाही. रोग मात्र घरभर पसरतो.

क्षय आणि अन्न यांचे नाते किती जवळचे आहे हे आपल्याच देशात अलीकडे सिद्ध झाले. मंगळूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. अनुराग भार्गव व डॉ. माधवी भार्गव आणि त्यांचे सहकारी यांनी २०१९ ते २०२२ या काळात झारखंडच्या चार जिल्ह्यांत क्षयाच्या २,८०० रुग्णांचा व त्यांच्या घरातील दहा हजारांवर माणसांचा अभ्यास केला. सर्व रुग्णांना शिधा दिला. त्यांपैकी काहींच्या घरच्या माणसांनाही दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. ज्या घरांना हा शिधा मिळाला, तेथील माणसांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. आणि ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका इतरांपेक्षा पुष्कळच कमी आढळला. साधा भात आणि साधे वरण यांची ही किमया आहे! उपचार घेणाऱ्या रुग्णास पोषणासाठी सरकारकडून रक्कमही मिळते. २०१८ साली ती महिना ५०० रुपये होती. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती १,००० रुपये करण्यात आली. ती मागून घ्यावी. त्यात कमीपणा नाही.

डब्यातली ताकद

आता त्या बाजारच्या डब्याविषयी. आमच्या माहितीतील एका घरी मुलीला पाहायला पाहुणे येणार होते. कुणीतरी सांगितले म्हणून आईने नाव-पत्ता नसलेल्या पुड्या आणल्या. तीन आठवड्यांत मुलीचे गाल भरले, चेहरा गोल दिसू लागला. घरात आनंद झाला. दोन महिन्यांनी पायऱ्या चढताना तिचे पाय लटपटू लागले, चेहऱ्यावर पुरळ उठले, आणि रक्त तपासले तेव्हा साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी पुड्या पाहून मान हलविली. ते वजन म्हणजे निव्वळ सूज आणि चरबी होती.

अशा पुड्यांत व गोळ्यांत पुष्कळदा स्टेरॉईड जातीची औषधे असतात. डेक्सामेथासोन हे त्यांतले नेहमीचे नाव. दमा, संधिवात यांसारख्या आजारांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती प्राण वाचवितात. पण वजनासाठी घेतली तर अंगात पाणी साचते, स्नायू झिजतात, हाडे ठिसूळ होतात, साखर व रक्तदाब वाढतो, आणि अंगात झोपी गेलेला क्षय जागा होऊ शकतो. कित्येक दिवस घेतल्यावर ती एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते. म्हणून ज्यांनी अशा पुड्या घेतल्या असतील त्यांनी त्या डॉक्टरांना दाखवून त्यांच्या सल्ल्यानेच सोडाव्या. भूक वाढविण्यासाठी सायप्रोहेप्टाडीन नावाचे औषधही देतात. ते मुळात ॲलर्जीचे औषध असून त्याने फार झोप येते, आणि ते थांबविले की भूक पूर्ववत होते.

नामांकित कंपन्यांच्या ताकदीच्या पावडरींत असे विष नसते हे खरे. परंतु त्यांतल्या अनेकांत साखरच बरीच असते. तेवढ्या पैशांत अंडी, शेंगदाणे आणि दूध किती येईल याचा हिशेब गृहिणीने स्वतःच करून पाहावा.

अंगावर काय चढवावे?

वजन वाढविणे म्हणजे पोट सुटणे नव्हे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांनी २००४ साली आपल्या दोघांचे छायाचित्र 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापले. उंचीच्या मानाने दोघांच्या वजनाचा आकडा एकच होता : २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. आम्हा भारतीयांचे शरीर वरून सडपातळ दिसले तरी आतून चरबी बाळगून असते, आणि म्हणूनच मधुमेह आम्हाला लवकर गाठतो, हे त्यांनी जगापुढे मांडले.

तेव्हा रोज बेळगावचा कुंदा, तळलेली भजी आणि बाटलीतले गोड पाणी घेऊन काटा पुढे सरकेलही. पण हातपाय काटकुळेच राहून पोट तेवढे पुढे येईल. सणासुदीला कुंदा जरूर खावा. वजनासाठी मात्र खाऊ नये. वाढवायचे ते मांस आणि हाड. त्याला डाळी, दूध, अंडी, मासळी यांतील प्रथिने लागतात, आणि जोडीला अंगमेहनत लागते.

ताटात भर कशी घालावी

एकदम दुप्पट जेवू नये. पोट बिघडते आणि दोन दिवसांत उत्साह मावळतो. नेहमीचे जेवण तसेच ठेवून त्यात रोज सुमारे पाचशे उष्मांकांची भर घालावी. ती अशी :

सकाळच्या न्याहारीला एक उकडलेले अंडे, आणि भाकरीवर एक चहाचा चमचा तूप. मधल्या वेळी मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा लहान खडा. संध्याकाळी एक केळे. रात्री निजण्यापूर्वी कपभर म्हशीचे दूध.

या सर्वांची बेरीज साडेपाचशे उष्मांकांच्या आसपास जाते, आणि जवळजवळ वीस ग्रॅम प्रथिने मिळतात. यांत एकट्या शेंगदाण्यांचा वाटा १७० उष्मांकांचा आहे. गरिबाच्या घरी त्याहून सोयीचे पौष्टिक अन्न क्वचितच मिळेल. ज्यांना अंडे चालत नाही त्यांनी वाटीभर मोड आलेल्या मुगा-मटकीची उसळ घ्यावी. आमच्या भागात रताळी मुबलक पिकतात. ती उकडून दुधाबरोबर मुलांना द्यावी. नाचणीच्या आंबिलीत दूध घालावे. बांगडा, तारली ही स्वस्त मासळी मोठ्या माशांच्या तोडीची आहे. पेजेत नुसते मीठ न घालता चमचाभर तूप आणि वाटीभर डाळ घातली, तर तीच पेज जेवण होते.

ज्याला थोड्याच घासांत पोट भरल्यासारखे वाटते त्याने तीन वेळांऐवजी पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे. जेवणाआधी तांब्याभर पाणी किंवा चहा घेऊ नये. त्याने भूक मरते. जेवणाबरोबरचा चहा तर अन्नातील लोह रक्तात जाऊ देत नाही, आणि वर सांगितलेल्या पाहणीतच आपल्याकडील ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले होते. ज्या स्त्रियांना मिश्रीची व पुरुषांना तंबाखूची सवय आहे त्यांनी ती सोडल्यास तोंडाला चव येऊन भूक वाढल्याचे त्यांना स्वतःलाच दिसून येईल.

एक सावधगिरी मात्र सांगून ठेवतो. जो माणूस फारच खंगला आहे, ज्याचा वर सांगितलेला आकडा १६ च्याही खाली गेला आहे किंवा ज्याने कित्येक दिवस अन्न घेतलेले नाही, त्याला एकदम भरपूर खाऊ घालू नये. त्याने रक्तातील क्षारांचा तोल बिघडून जीव धोक्यात येतो. अशा माणसास डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू अन्न वाढवावे.

मेहनत आणि विश्रांती

खाल्लेल्या अन्नाचे मांस व्हावे यासाठी स्नायूंना जड काम द्यावे लागते. तरुणांनी आजोबांच्या वेळचे जोर आणि बैठका पुन्हा सुरू कराव्या. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, झेपतील तितक्या काढाव्या आणि दर आठवड्याला दोन-चार वाढवाव्या. मुलींनी लाजण्याचे कारण नाही. त्यांच्या हाडांना या व्यायामाची गरज मुलांपेक्षा कमी नाही. ज्यांना जोर जमत नाहीत त्यांनी भिंतीला हात टेकून सुरुवात करावी.

ज्यांचा दिवस शेतातच जातो त्यांची गोष्ट वेगळी. भातलावणीच्या दिवसांत वाकून वाकून कंबर मोडते आणि वजन आपोआप उतरते. त्यांना व्यायामाची गरज नाही. त्यांना त्या महिन्यांत जास्तीची भाकरी, जास्तीची डाळ आणि रात्रीची सात-आठ तास झोप हवी. बांधावर न्यायच्या फडक्यात शेंगदाणे आणि गूळ बांधून द्यावा.

काट्यावर रोज चढू नये. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी, त्याच एका काट्यावर वजन करून दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे. महिन्याला एक किलो वाढले तरी समाधान मानावे. हिशेबाने जितके वाढायला हवे तितके जन्मजात कृश माणसाचे वाढत नाही. त्याचे शरीर जादा अन्नाचा काही भाग जाळून टाकते. तीन महिन्यांत काहीच फरक पडला नाही तर मात्र पुन्हा डॉक्टरांना दाखवावे.

पंक्तीत शेवटी कोण बसते?

उपवासकाळाविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे वाटते. अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठाव्या वर्षात पाऊल टाकेपर्यंत ख्रिस्तसभेने उपवासाचे बंधन घातले आहे ते राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दोन दिवशी. आणि त्या दिवशीही एक पूर्ण जेवण व दोन हलके फराळ यांची मोकळीक आहे. आजाऱ्यास, गर्भवतीस व अंगावर पाजणाऱ्या मातेस ते बंधन नाही. तेव्हा जिचे वजन आधीच कमी आहे अशा मुलीने चाळीस दिवस एकवेळ जेवून राहणे कोणी मागितलेले नाही. तिने जिभेचा उपवास करावा, रागाचा करावा. आणि शंका असल्यास धर्मगुरूंना विचारावे.

याहून मोठा उपवास आमच्या घराघरांत वर्षभर चालतो, आणि त्याची कोणी दखल घेत नाही. पुरुष जेवतात, मग मुले जेवतात, आणि सर्वांत शेवटी तव्यावरची करपलेली भाकरी व भांड्याच्या तळाचे कालवण घेऊन घरची सून चुलीपाशी बसते. अंडी मोजून मुलग्यांना जातात; दुधाची साय धन्याच्या वाटीत पडते. ती सून रोडावली की सारे म्हणतात, "हिचा बांधाच तसा." बांध्याला दोष देण्यापूर्वी त्या घराने एकदा तिच्या ताटात डोकावून पाहावे. सर्वांनी एका पंक्तीत, एकाच वेळी जेवावे, आणि भांडे तिच्यापर्यंत पोहोचेल तेव्हा त्यात डाळ व मासळीचा तुकडा शिल्लक असावा, एवढे केले तरी पुष्कळ घरांतील कृशतेचे कोडे औषधाविना सुटेल.

आणि देवमंदिराच्या अंगणातील त्या आजीबाईंना आमची नम्र विनंती अशी : मुलीचा दंड चिमटीत धरण्याऐवजी तिला घरी बोलवावे, पाटावर बसवावे, आणि तिच्या पानात एक अंडे व एक मायेचा शब्द वाढावा. ते दोन्ही अंगी लागतात.